दोन बोटींची चाचणी

“काय इन्स्पेक्टर, बोट बघायला आलायस का रेशन भरायला?”

माझ्या गाडीच्या डिकीतून रिकामी पोती निघताना बघून जयसिंग कमरेवर हात ठेवून हसत होता.

“चार पोती वाळू भरायची,” मी म्हटलं. “प्रत्येकी बरोबर पन्नास किलो. ताणकाटा आणलाय मी.”

“अरं, बोटीत माणसं बसवायची का वाळू?”

“माणसांची वजनं कमीजास्त असतात. दोन्ही बोटींवर सारखंच ओझं पाहिजे, नाहीतर चाचणीला अर्थ नाही.”

“वहिनी,” जयसिंग माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, “ह्याच्यासंगं संसार कसा केलात हो तुम्ही?”

वृंदा हसली. आमची अकरा वर्षांची केतकीही हसली. जयसिंगच्या चेष्टेवर माझ्या घरचे नेहमीच हसायचे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ही गोष्ट दोन हजार सातच्या फेब्रुवारीतली. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी जयसिंग धुमाळची जागा होती. तिथं तो बोटी दुरुस्त करायचा, विकायचा. भोरच्या शाळेत आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो. पुढे मी पुण्याला आलो आणि बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात एकोणतीस वर्षं काढली. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूक मी पकडायचो. साहेबाचा पुतण्या असो की युनियनचा पुढारी, माल मापात नसेल तर परत. आणि परत पाठवताना कारण लिहून द्यायचं, हा माझा नियम होता. कारण न लिहिता मी आयुष्यात कधी माल नापास केला नाही. या स्वभावामुळे कारखान्यात माझ्याबद्दल काय बोलत असत ते मला ठाऊक होतं आणि त्याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमानच होता.

केतकी आम्हाला उशिरा झाली. ती लहान असताना मी रविवारीसुद्धा कामावर असायचो. मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा ती अकरा वर्षांची झाली होती आणि माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची. आदल्या मे महिन्यात आम्ही हर्णैला गेलो. तिथं भाड्याच्या वेगवान बोटीत बसलो. मी बोटवाल्याला गोड बोलून सुकाणू हातात घेतलं आणि जोरात सोडली बोट. लाटेवरून उडायची, धाडकन आपटायची. मागे केतकी किंचाळत होती. मी मागे वळून बघितलं तर तोंड उघडं, केस उडतायत, हसतेय. इतकी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर मी मनाशी पक्कं ठरवलं की बोट घ्यायची. दर रविवारी आम्ही तिघं पाण्यावर. जे अकरा वर्षं दिलं नाही ते आता द्यायचं.

जयसिंगकडे दोन बोटी होत्या. दोन्ही सतरा फुटी, दोन्ही फायबरच्या, सहा जणांच्या, इंजिनंसुद्धा एकाच ताकदीची. एकीवर निळा पट्टा, एकीवर लाल. निळीचा तळ रुंद आणि पसरट होता. लालचा तळ मधोमध खोल होत गेलेला होता. फोनवर जयसिंगच मला म्हणाला होता, “लाल बघशील तर येडा होशील. पाखरू हाय पाखरू.” खरं सांगतो, मी घरून निघालो तो लाल घ्यायची ठरवूनच. पण ठरवलेलं मापून बघायचं, ही सवय.

पोती भरली, वजनं केली, वृंदानं तोंडं शिवली. धक्क्यापासून पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या आंब्याच्या खोडापर्यंत जायचं, वळसा घालून परत यायचं. जयसिंग चालवणार, मी शेजारी घड्याळ घेऊन. केतकीला मी वही दिली. रकाने आखून आणलेच होते.

“मी आकडा ओरडेन, तू लिहायचा. खाडाखोड नको.”

“हो बाबा.”

“आकड्याला आपला-परका नसतो. जो येईल तो लिहायचा.”

“हो,” ती म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून पेनाला मागे लावलं.

आधी लाल. पोती चढवण्याआधी मी पाहिलं, मागची बाजू निळीपेक्षा दोन बोटं जास्त पाण्यात होती. मी तसं म्हटलं.

“खोल तळाची बोट तशीच बसती,” जयसिंग म्हणाला.

मी मान डोलावली. एकोणतीस वर्षांत मापल्याशिवाय मी कुणाचं काही मानलं नव्हतं. जयसिंगचं मानलं.

त्यानं वेगाचा दांडा पुढे ढकलला. इंजिन ओरडलं, बोटीचं नाक वर आलं आणि तसंच वर राहिलं. पाण्यावर चढून पळायला पाहिजे तर ही पाणी ढकलत, धापा टाकत चालली. वळसा घेताना अशी एका अंगाला कलली की मी कठडा धरला. धक्क्याला आलो तेव्हा घड्याळात एक मिनिट चौतीस सेकंद झाले होते.

“एक चौतीस!” मी ओरडलो. केतकीनं लिहिलं.

पुन्हा एकदा गेलो. एक पस्तीस. मग पोती उचलून निळीत टाकली. निळी काही पाखरू नव्हती, पण सरळ, शांत गेली. एक अठरा. दुसऱ्यांदाही एक अठरा.

माझा चेहरा पडला असणार. जयसिंगनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “इन्स्पेक्टर, बोलायची एक गोष्ट आन् पाण्यावरची एक. म्या पण फसलो लालच्या रूपाला. तू निळी घे. पोरीबाळीत बसायला हीच बरी.”

“मला पण निळीच बरी वाटते,” वृंदा म्हणाली.

मी वही हातात घेतली. चार आकडे, चार ओळी, अक्षर मोत्यासारखं. एकाही आकड्यावर खाडाखोड नव्हती. मला वाटलं, पोरगी माझ्यावर गेली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “निळी.”

तिघांच्याही चेहऱ्यावर असा काही आनंद दिसला की मला लालचं दुःख राहिलं नाही. शेडच्या सावलीत बसून आम्ही वृंदानं आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. जयसिंगनं नारळ काढून ठेवला. नवी बोट घेतली की तो तिच्या नाकावर नारळ फोडायचा. केतकी तर गाणं गुणगुणत होती.

हात धुतले आणि मी म्हटलं, “चल, लाल वर ओढू.”

“आता कशाला?” जयसिंग म्हणाला.

“नापास केली ना? कारण लिहायला नको?”

“अरं, हा काय कारखाना हाय का?”

“एकाच ताकदीचं इंजिन, सारखं ओझं आणि सोळा-सतरा सेकंदांचा फरक. काहीतरी कारण असणार. तळ बघतो एकदा.”

“अहो, उशीर होतोय,” वृंदा म्हणाली. “घरी पोचेपर्यंत अंधार पडेल.”

“अंधार? आत्ता कुठे दोन वाजलेत.”

ती डबे आवरू लागली. केतकीचं गुणगुणणं थांबलं होतं. पण मी कामाला लागलो की मला आजूबाजूचं दिसत नाही. जयसिंग कुरकुरत उठला, जीपला लावलेली ट्रॉली त्यानं उतारावरून पाण्यात घातली आणि लाल वर ओढली. जीप चढावर घरघरली. मी ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं.

तळ स्वच्छ होता. शेवाळ नाही, तडा नाही, पंख्याचं पातं सरळ. मी बोटाच्या पेरानं तळावर टकटक केली. भरलेल्या माठावर करावी तसा आवाज आला. मी धक्क्यावर जाऊन निळीवर टकटक केली. ती पोकळ वाजली.

परत आलो. बोटीच्या मागे अगदी खाली, बाहेरचा तळ आणि आतली जमीन यांच्यामधल्या पोकळीत साठलेलं पाणी काढून टाकायला एक बूच असतं. आटे असलेलं, पितळी. मी त्याच्यावर हात ठेवला.

“राहू दे,” जयसिंग म्हणाला. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

मी बूच फिरवलं.

अंगठ्याएवढी धार निघाली. मला वाटलं थोडं पाणी असेल, थांबेल. थांबेना. उतारावरून वाहत ते पाणी पुन्हा धरणात जाऊ लागलं. घड्याळ माझ्या गळ्यात होतं. मी ते सुरू केलं, का ते विचारू नका. आम्ही चौघं त्या धारेकडे बघत उभे होतो. कुणीही ‘अरे बापरे’ म्हटलं नाही, ‘हे पाणी आलं कुठून’ असं कुणी विचारलं नाही. त्यावरूनच मला समजलं.

शेवटचा थेंब पडला तेव्हा सहा मिनिटं दहा सेकंद झाले होते.

“किती भरलं होतंस?” मी विचारलं.

“दोनशे लिटर,” जयसिंग म्हणाला. “मोजून भरलं. धोका न्हवता. तू हाईस म्हणून मोजून भरलं.”

“का?”

“लाल मला इकायची न्हवती.”

“खोटं बोलू नकोस. फोनवर तूच गळ्यात मारत होतास. चाळीस वर्षं झाली रे जया. माझ्या बापाच्या तिरडीला तुझा खांदा होता. मी तुझ्या शब्दावर दोन बोटांचा फरक सोडून दिला. आजवर कुणाच्या शब्दावर सोडला नव्हता.”

 एवढा आडदांड माणूस, पण पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

“भाऊजी, तुम्ही कशाला ऐकून घेता?” वृंदा पुढे आली. “मी सांगितलं त्यांना. वेगानं जाणारी बोट यांना देऊ नका म्हणाले. ते नाहीच म्हणत होते, मीच गळ घातली.”

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मित्र फसवतो, ते एक वेळ सोसता येतं. पण ही माझ्या शेजारी बसून पुण्याहून आली होती. माझ्या पोत्यांची तोंडं हिनं शिवली होती. सुई-दोरा हातात धरून, हे सगळं नाटक आहे हे माहीत असताना.

“मला सांगता येत नव्हतं?” मी ओरडलो. “तोंड नव्हतं? मी राक्षस आहे का? वेग नको म्हणाली असतीस तर मी निळी घेतली नसती?”

“नसती घेतली,” ती शांतपणे म्हणाली.

“तू मला मूर्ख बनवलंस. माझ्याच वहीत, माझ्याच घड्याळानं. मी इथं माकडासारखा आकडे ओरडत होतो आणि तुम्ही दोघं मनात हसत होतात.”

“हसत नव्हतं कुणी.”

“आई, थांब,” केतकी म्हणाली.

ती आमच्यामध्ये येऊन उभी राहिली. वही तिनं पोटाशी धरली होती.

“आईनं नाही सांगितलं. मी सांगितलं. जयसिंगकाका बोटींचे फोटो घेऊन आपल्या घरी आले होते ना, तुम्ही खाली आइस्क्रीम आणायला गेला होतात. तेव्हा मी काकांना म्हटलं, बाबांना हळू जाणारी बोट द्या. आईला नंतर कळलं.”

 तिला कळत होतं. सकाळी ‘एक चौतीस’ लिहिताना तिला कळत होतं की हा आकडा खोटा आहे, आणि तिनं तो मोत्यासारख्या अक्षरात लिहिला होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

“तू?” मी म्हटलं. “तुझ्यासाठी तर चाललंय हे सगळं. हर्णैला किती मजा आली होती तुला!”

“मी थांबा म्हणत होते, बाबा.”

“हसत होतीस तू! मी बघितलंय.”

“थांबा, थांबा असंच ओरडत होते.”

“मग त्याच दिवशी सांगायचं नाही?”

“सांगितलं होतं. लॉजवर, जेवताना. तुम्ही म्हणालात, असं कसं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तू हसत होतीस. मग दोनदा विचारलंत, मजा आली ना, मजा आली ना. मग मी हो म्हटलं.”

मला ते जेवण आठवलं. सुरमई होती. ती काहीतरी म्हणाली होती आणि मी ते दुरुस्त केलं होतं. तिच्या भीतीचं माप मी माझ्या डोळ्यांनी घेतलं होतं आणि तिला नापास केलं होतं.

शहाण्या माणसानं इथं पोरीला जवळ घेतलं असतं. मी शहाणा नव्हतो. माझ्याविरुद्ध तिघं एक झाले आहेत, आणि आज नाही, कित्येक दिवसांपासून झाले आहेत, एवढंच मला दिसत होतं. एकमेकांना वाचवायला ते किती पटापट पुढे आले! मित्राला बायको, बायकोला मुलगी. माझ्या बाजूला कोण होतं?

“लाल सोड पाण्यात,” मी जयसिंगला म्हटलं.

“अरं, ऐक—”

“बूच लावलंय मी. सोड.”

बोट पाण्यात उतरली आणि मी एकटाच चढलो. इंजिन सुरू करणार इतक्यात केतकी धक्क्यावर आली. तिनं लाइफ जॅकेट घातलं होतं. पट्टे स्वतःच ओढून घेतले होते.

“मी येते, बाबा.”

“केतकी, इकडे ये,” वृंदा म्हणाली.

“नाही गं. मला जायचंय बाबांबरोबर.”

ती माझ्या शेजारच्या जागेवर बसली. मला वाटलं, चला, एक तरी माझ्याकडे आली. पोरीला पटलं. राग जरासा निवलासुद्धा. मी दांडा पुढे ढकलला.

जयसिंग फोनवर खोटं बोलला नव्हता. नाक वर झालं, क्षणात खाली बसलं आणि बोट पाण्यावर निघाली ती जणू पाण्याला शिवतच नव्हती. खोड कधी आलं आणि कधी गेलं कळलं नाही. मला घड्याळाचीही आठवण राहिली नाही. मी केतकीकडे बघितलं. तोंड उघडं, केस उडतायत, हसतेय. अगदी हर्णैसारखी.

“अजून जोरात, बाबा!” ती ओरडली.

मग माझी नजर खाली गेली. दोन्ही हातांनी तिनं सीटची कड धरली होती. बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती. पाय आखडून पोटाशी घेतले होते. आणि वर चेहरा हसत होता.

मी दांडा मागे ओढला, इंजिन बंद केलं. धरणाच्या मधोमध बोट हलत उभी राहिली. धक्क्यावर दोन माणसं लहान दिसत होती.

“भीती वाटली?” मी विचारलं.

“नाही.”

“केतकी, मी रागावणार नाही. खरं सांग.”

“खरंच नाही. मजा आली.”

“हात बघू तुझे.”

तिनं हात चटकन जॅकेटखाली घेतले आणि पुन्हा हसली. “खरंच मजा आली, बाबा. आपण लालच घेऊ या.”

सकाळपासून तिघांनी मला फसवलं होतं, पण सगळ्यात मोठी फसवणूक ही होती आणि ती माझ्याकडे बघत, माझ्यासाठी चालली होती. एवढं सफाईनं खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं, हे विचारायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. मी इंजिन सुरू केलं आणि चालत जावं इतक्या हळू बोट परत आणली.  जयसिंगनं दोर पकडला. मी त्याला सांगितलं की बोट घ्यायची नाही. कुठलीच.

पुढे जयसिंगशी बोलणं सुरू झालं, वृंदाशी तर संसारच होता. दोघांवरचा राग हळूहळू गेला. आज केतकी एकोणतीस वर्षांची आहे, नोकरी करते, स्वतःची गाडी चालवते. महिन्यातून एकदा घरी येते. जेवताना मी विचारतो, भाजी कशी झालीय, नोकरी कशी चाललीय, बरी आहेस ना. ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघते, आणि मग उत्तर देते.